मडकं फुटलं की दोन मोजायचे

मला सिनेमात काम मिळालं ते माझ्या बापाच्या मरणामुळं. ऐकायला बरं न्हाई वाटत, पण तसंच झालं.

तीसेक वर्षं होऊन गेली असतील. बापाचा दहावा होऊन आठवडाच झाला होता, माझ्या डोक्याचा गोटा होता. शाळा चौथीपर्यंत. परतूरला जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचो. आष्टीच्या पुढं ओढ्याच्या काठाला सिनेमावाले आलेत म्हणून जिनिंगवरचे दोघंतिघं बघायला चालले, त्यांच्यासंगं मी बी गेलो. तिथं खोटी चिता रचलेली. मुंबईकडचा एक नट खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तिच्याभोवती फिरून राह्यला होता. मडकं उजव्या खांद्यावर, आन् फिरणं देवळात प्रदक्षिणा घालतात तसं. माझ्यानं राहावलं न्हाई.

"ओ साहेब, असं नसतंय. डाव्या खांद्यावर घ्या. आन् उलटं फिरा."

सगळे हसले. नट तापला. डायरेक्टर मात्र माझ्या गोट्याकडं बघत उठला.

"तुम्हाला येतं का हे?"

"आत्ताच बापाचं केलं ना साहेब. न येऊन सांगता कुणाला."

त्यानं नटाला बाजूला उभं केलं, मला त्याचा मोठा भाऊ केला आन् मडकं माझ्या खांद्यावर दिलं. मागून एकजण खड्यानं मडक्याला भोक पाडायचा, पाणी पाठीवरून खाली यायचं, माझ्या अंगाला बराबर काटा यायचा. तिसऱ्या फेऱ्यानंतर मडकं मागं टाकायचं. तिथं डायरेक्टर म्हणाला, "टाकलं की वळून बघायचं."

"बघायचं नसतं साहेब. पुढं चालत सुटायचं."

"तुम्ही बघितलं न्हाई तर लोकांना तुमचा चेहरा कसा दिसणार? सिनेमात पाठ बघायला कोण येतं?" मंग त्यानं मला ते शिकवलं. "मडकं फुटलं की मनात दोन मोजायचे. एक, दोन. आवाज संपला की मान वळवायची. आवाज आन् चेहरा एका वक्ताला आला तर दोन्ही वाया जातात."

एक, दोन. वळलो. एका टेकमध्ये झालं. या लाइनीत मला कुणी काही शिकवलं असंल तर ते एवढंच.

सिनेमा जालन्याला लागला तेव्हा बायकोला घेऊन गेल्तो. पोरगी दोन वर्षांची, ती हिच्या मांडीवर झोपलेली. मी पडद्यावर आलो, मडकं टाकलं, वळलो. माझी छाती धडधडून राह्यलेली. हिच्याकडं बघितलं तर ही कपाळाला आठ्या घालून बसलेली.

"कसं वाटलं?"

"डोक्याचा गोटा कामून हाय तुमचा?"

"बापाचा दहावा झाला होता ना."

"तुमच्या बापाचा झाला होता. सिनेमातल्या बापाला तर आत्ता पेटवलंय. गोटा दहाव्याला करतात आपल्यात. एवढं कळंना का त्या माणसाला?"

"डायरेक्टरला कळतंय ना सगळं."

"कळत असतं तर तुम्हाला कशाला घेतलं असतं?"

मागच्या रांगेतला बाबा हसला. ही मंग हळू आवाजात म्हणाली, "आन् मागं कामून बघितलं? गेलेल्याचा पाय अडकतो. आपण बघितलं की त्याला वाटतं, बोलावून राह्यलेत."

"चेहरा दिसाया लागतो."

"दिसला. काय सोनं लागलं होतं त्याला."

आमच्या घरात माझ्या कामाचं कौतुक एवढंच झालं. तीस वर्षांत ते काही वाढलं न्हाई.

त्या सिनेमानंतर मला बोलावणी यायला लागली. कुणाला गावाकडचा माणूस पाहिजे असला, चेहऱ्यावर ऊन पाहिजे असलं, की मला बोलवायचे. मी कुठं कुठं नव्हतो म्हणता. शिपाई झालो, हवालदार झालो, दारू पिऊन पोरीला मारणारा बाप झालो, पोरीच्या लग्नात पागोटं दुसऱ्याच्या पायावर ठेवणारा बाप तर कितीदा झालो ते मोजलं न्हाई. एकदा सरपंच केला. त्यात चार पानं डायलॉग होता, शूटिंगच्या दिवशी त्यातली तीन पानं हीरोला दिली. पुण्यात एका खोलीत आम्ही चौघं राहायचो, चौघं बी असलेच. कुणाचं पोट मोठं होतं म्हणून तो सावकार, कुणी काटकुळा म्हणून तो मास्तर. सकाळी बोलावून संध्याकाळी शॉट लावायचे. दिवसभर मेकअप करून बसायचं. अंगात दुसऱ्याचा सदरा, त्याला आधीच्या माणसाच्या घामाचा वास. बसून बसून माणूस जेवढा थकतो तेवढा गाठी उचलून थकत न्हाई. मी दोन्ही केलंय म्हणून सांगतो.

आन् मेलेल्या माणसाच्या मागं मडकं घेऊन फिरायचं काम तर माझ्याकडं ठरूनच गेलं होतं. युनिटमध्ये कुणीतरी म्हणायचंच, "ते मडकंवाले काका हायत ना, त्यांना बोलवा." बापाला पेटवलं, भावाला पेटवलं, तरण्या पोराला पेटवलं. दर वेळी मडकं, एक, दोन, मान वळवायची. पुढं पुढं डायरेक्टरनं सांगायच्या आतच माझी मान वळायची. मला त्याचा अभिमान बी होता. खोटं कशाला बोलू.

बायको एकदा बी शूटिंगला आली न्हाई. तिच्या मागं शेत होतं, शेळ्या होत्या, पोरीची शाळा होती. पण टीव्ही घेतल्यावर माझं काम ती बघायचीच, आन् बघायची ते चुका काढायला. तिला ते फार जमायचं. "मघाशी पदर उजवीकडं होता हिचा." "आत्ता अर्धा गिलास पाणी पिला हा, परत भरला कसा?" "बाहेर दुपार दाखवली, खिडकीतून दिवेलागण." आमच्याकडं कंटिन्युटी बघायला पगारी माणूस असतो, त्याच्या वहीत जे सापडायचं न्हाई ते हिला परतूरात बसून शेंगा सोलता सोलता सापडायचं. पोरीला बी तिनंच ती खोड लावली. मायलेकी टीव्हीपुढं बसल्या की मला लपावं वाटायचं.

मडक्याचा सीन आला की मात्र ती चुका काढायची न्हाई. मी वळलो की नुसती तोंड फिरवायची. एकदा, पोरीचं लग्न होऊन ती बदनापूरला गेली त्याच्यानंतरची गोष्ट, पोरगी माहेराला आल्ती. तिघं बी बसलो होतो. टीव्हीवर मी कुणाला तरी पेटवून मागं बघितलं. बायको म्हणाली, "अहो, एक सांगू का?"

"सांग."

"माझ्या वक्ताला तेवढं बघू नका."

पोरगी म्हणाली, "आई, काही बी बोलू नको."

"काही बी न्हाई. कधीतरी तर जायाचंच हाय ना. मला जल्दी जाऊ द्या म्हणलं. मागं बघून अडकवू नका."

"तू जाती का माझ्या आधी? मी जातो का तुझ्या आधी?" मी हसून म्हणलं.

"तुम्ही तर दर वर्षाला चारदा मसनात जाता. अजून बसलेच हाव की." ती बी हसली. मंग म्हणाली, "मी कधी काय मागितलंय का तुमच्याकडं? एवढं जमवा."

खरंच कधी मागितलं नव्हतं. मी म्हणलं, "जमवतो."

गेल्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गेली. आधी पंधरा दिवस ताप, मंग जालन्याचा दवाखाना, मंग घरी आणली ती तशीच. त्याचं मी जास्ती लिहीत न्हाई. लिहून काय होतं.

आम्हाला पोरगा न्हाई. अग्नी मीच द्यायचा होता. मला अंगणात आंघोळ घातली, ओल्या धोतरावर, ओल्या केसांनी बाहेर काढलं. पोरगी बी आल्ती स्मशानापर्यंत, तिला कुणी अडवलं न्हाई. भटजी सांगत होते ते मी करत गेलो. मडकं डाव्या खांद्यावर दिलं. मेव्हण्यानं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, मागून खड्यानं भोक पाडलं. पाणी पाठीवरून खाली आलं. पहिला फेरा, दुसरा फेरा, तिसरा फेरा. मडकं मागं टाकलं. फुटलं.

मी वळलो आन् बघितलं.

तिथं कुणी कॅमेरावाला नव्हता, डायरेक्टर नव्हता. गावातली पन्नास-साठ माणसं होती. मेव्हणा पुढं येऊन माझा दंड धरून मला ढकलतच घेऊन गेला.

"दाजी, मागं कामून बघितलं?"

पाठीमागं कुणीतरी हळूच म्हणालं, "सवय हाय त्यांची. सिनेमात तसंच करतात." आणखीन एकजण म्हणाला, "बायकोच्या मातीला बी ॲक्टिंग?" तो माणूस वाईट न्हाई. त्याच्या जागी मी असतो तर मी बी तेच म्हणलो असतो.

घरी आल्यावर आंघोळी झाल्या, बाया आत गेल्या, तेव्हा पोरगी ओट्यावर माझ्यापाशी आली. तिचा चेहरा बिलकुल तिच्या आईसारखा झाला होता, कपाळाला आठ्या.

"बाबा, एवढं एकच मागितलं होतं ना तिनं."

"सवय गं. हातून झालं. माझ्या ध्यानातच..."

"सवय?" ती म्हणाली. एवढंच. उठून आत गेली.

मी ते सवय म्हणायला नको होतं. तीस वर्षं लाइनीत राहून मला हे कळलं न्हाई की कुठला डायलॉग कुठं बोलायचा. सवय म्हणलं म्हणजे काय झालं? तिची माय बी मला एका शॉटसारखी झाली असा अर्थ झाला. तिथून तेराव्यापर्यंत पोरगी माझ्याशी कामापुरतं बोलली. "चहा ठेवलाय." "गोळी घेतली का?" मंग ती बदनापूरला गेली.

मी एकटा राहिलो. दिवस निघायचा, मावळायचा. माणसं म्हणतात घर खायला उठतं. मला तसं काही झालं न्हाई, मला नुसती थकी आली. भाकर करायची थकी, धोतर धुवायची थकी, कुणी आलं तर दार उघडायची थकी. एकच गोष्ट डोक्यात फिरायची. मी का वळलो? सवयीनं वळलो का तिच्यासाठी वळलो? सवयीनं वळलो असलो तर मी कसला माणूस. तिच्यासाठी वळलो असलो तर तिनं नको म्हणलं होतं तेच केलं. दोन्हीकडून मीच चुकलेला. पण दोन्हीमंदी फरक हाय, आन् पोरीला तो कळला पाहिजे असं मला वाटायचं. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, तिला काय सांगणार.

दीड-दोन महिन्यांनी मी बदनापूरला जायचो. स्टेशनापासून तिचं घर पायी जाण्याजोगं हाय. जावई शेती संशोधन केंद्रात नोकरीला, माणूस भला. मी गेलो की ताट वाढायची, जेवू घालायची. आई होती तेव्हा पोरगी "राहा दोन दिवस" म्हणून मागं लागायची. आता संध्याकाळ झाली की म्हणायची, "बाबा, गाडीचा टाइम झाला." मी पिशवी उचलायचो आन् परतूरची गाडी धरायचो.

अशात शूटिंगला माणसं पुरवणाऱ्या एका कोऑर्डिनेटरचा फोन आला. साताऱ्याकडं सिरीयलचं शूटिंग, हीरोइनच्या बापाचा रोल, बरेच भाग. मी म्हणलं, मला आता नको. तो म्हणाला, "काका, तुमच्यासाठीच लिहिलाय. म्हातारा, बायको नुकतीच गेलेली. तुम्हाला वेगळं काही करायचंच न्हाई."

फोन ठेवून दिला पाहिजे होता. न्हाई ठेवला. मी विचारलं, "मडकं हाय का?"

"पहिल्याच भागात."

"येतो," मी म्हणलं.

मी का गेलो ते सांगतो. मला वाटलं, जे तिथं बिघडलं ते इथं नीट करावं. मडकं टाकावं आन् मागं न बघता चालत सुटावं. खोट्या चितेपुढं खरं केल्यानं काय होणार होतं? काहीच न्हाई. पण पोरगी ती सिरीयल बघणार होती. तिनं एकदा तरी बघावं की बाप न वळता राहू शकतो.

डायरेक्टर तिशीतला पोरगा. बोलायला मऊ. नदीच्या काठाला चिता रचली होती. मला धोतर नेसवून डोक्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. माणसं उभी, लाइटच्या छत्र्या उभ्या. मी त्याला आधीच सांगितलं.

"मी मागं बघणार न्हाई."

"का काका?"

"बघायचं नसतं."

"अहो काका, आजकाल कुणाला माहितीये हे?"

"माझ्या बायकोला माहीत होतं."

ती गेल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं असंल. म्हणाला, "बरं. नका बघू."

ॲक्शन झालं. पहिला फेरा, दुसरा, तिसरा. पाणी पाठीवरून आलं. मडकं टाकलं. फुटलं. एक. दोन. माझ्या मानेची शीर ताठ झाली, जसं कुणी कानाला धरून ओढतंय. मी हनुवटी छातीला लावली आन् चालत सुटलो. मागून "कट" ऐकलं तरी थांबलो न्हाई. लाइटवाल्यांच्या मधून, वायरींवरून, जनरेटरच्या गाडीपर्यंत गेलो. तिथं स्पॉटदादा चहा ओतून राह्यला होता. त्यानं मला कप दिला. मी तो उभ्या उभ्याच पिऊन टाकला.

"काका, मस्त झालं," डायरेक्टर येऊन म्हणाला. "पाठीचा बी शॉट छान दिसतो."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पाठीला छान म्हणलं.

दुपारी जेवणं झाली. मी कपडे बदलून खुर्चीत बसलो होतो. असिस्टंट आला, "काका, एक छोटा क्लोजअप राहिलाय. ते धोतर परत नेसा, पाच मिनिटांचं काम." कॅमेरा माझ्या तोंडाजवळ आणला. डायरेक्टर म्हणाला, "डायलॉग काही न्हाई. इकडनं मान वळवून त्या झाडाकडं बघा. घरी परत आलायत, अंगणात उभे आहात, घर रिकामं हाय असं समजा." मी मान वळवली. झाडाकडं बघितलं. लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली दोन बाया मेकअपचं सामान आवरत होत्या. मला आमच्या घरचं दार दिसलं. ओके झालं. मी उठलो.

तीस वर्षं या लाइनीत घालवली मी. असा सुटा क्लोजअप कशाला घेतात ते मला कळाया पाहिजे होतं. माझी पिशवी उचलणाऱ्या पोऱ्याला बी कळलं असतं. मला न्हाई कळलं.

सिरीयल लागायची त्या दिवशी मी बदनापूरला गेलो. पोरीला आधी सांगितलं होतं, पहिल्या भागात मी हाय. "बघू," म्हणाली होती. संध्याकाळी जावई ड्यूटीवरून यायचा होता, ती आन् मी दोघंच टीव्हीपुढं. तिनं मांडीवर तांदळाचं ताट घेतलं होतं, निवडत होती. मी पिशवी दारापाशीच ठेवली होती, भाग संपला की गाडी.

चिता दिसली. मी दिसलो. पाणी गळतंय, मी फिरतोय. पोरीचे हात थांबले. मी टीव्हीकडं न बघता तिच्याकडं बघत होतो, मला माहीतच होतं पुढं काय हाय ते. मडकं फुटल्याचा आवाज आला. आन् तिच्या तोंडावर ते आलं, त्या दिवशी ओट्यावर आलं होतं तेच.

मी टीव्हीकडं बघितलं. पडद्यावर माझा चेहरा. मी वळून मागं बघत होतो. डोळ्यांत पाणी. म्युझिक.

"मी न्हाई बघितलं," मी म्हणलं. मोठ्यानं म्हणलं. "पोरी, मी बघितलं न्हाई. मी चालत गेलो पुढं, जनरेटरपर्यंत गेलो. ते त्यांनी जोडलंय. दुपारचं हाय ते, मी झाडाकडं..."

"बाबा."

"शपथ घेतो. तुझ्या आईची..."

"बाबा, थांबा हो." तिनं ताट खाली ठेवलं. "मला दिसलं ना. केस कोरडे हायत तुमचे."

मी डोक्यावरनं हात फिरवला.

"फिरताना डोक्यातनं पाणी गळून राह्यलं होतं. वळल्यावर केस वाळलेले, भांग बी पाडलाय कुणीतरी. आन् मागं नदी होती, आता लिंब हाय." ती टीव्हीकडं बघतच बोलली. "आईनं तर भांगच आधी धरला असता."

"धरला असता," मी म्हणलं.

जाहिरात लागली. तिनं आवाज कमी केला. मंग तिनं विचारलं, आन् हे ती कधी विचारील असं मला वाटलं नव्हतं.

"तुम्ही सांगायचे ना मला लहानपणी, मडकं फुटलं की दोन मोजायचे. त्या दिवशी मोजले होते का?"

इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मी डोळे मिटले. पाणी पाठीवरून येतंय, मेव्हण्याचा हात, मडकं सुटलं, धाड झालं. आन् मी तिला पेटताना बघतोय. मधी काहीच न्हाई. एक बी न्हाई, दोन बी न्हाई.

"न्हाई मोजले," मी म्हणलं. "आवाज झाला आन् वळलो."

"मंग ती सवय नव्हती."

"नव्हती."

तिनं ताट परत मांडीवर घेतलं. एक खडा काढून बाजूला ठेवला. मला वाटलं आता मोकळं झालं. पण ती म्हणाली, "तरी बघितलं तर बघितलंच बाबा."

"हो. बघितलंच."

"आईला जल्दी जायचं होतं."

"माहीत हाय."

ती आपल्या आईची पोरगी हाय. चूक सापडली की सोडत न्हाई, आन् नसलेली लावत न्हाई. मला त्याहून जास्ती काही नको होतं. जे केलं तेवढ्याचाच दोष मला पाहिजे होता, न केलेल्याचा नको होता.

सिरीयल परत लागली. मी अंगणात उभा होतो, घर रिकामं होतं. त्यात बी तिनं एक चूक काढली, उंबऱ्याजवळ चप्पल आधी एक जोड, मंग दोन जोड. मी म्हणलं हो. जावई आला, त्यानं हातपाय धुतले. स्टेशनाकडून परतूरच्या गाडीची शिट्टी आली. पोरीनं गाडीचा टाइम झाला असं काही म्हणलं न्हाई. आत जाऊन तिनं तिघांचा भात शिजायला टाकला. पिशवी दारापाशीच होती. ती मी उचलून आत ठेवली.